फी भागली, तरी पदवी का अडली? न्यूयॉर्कच्या ‘एसॅप’ योजनेचा प्रकरण अभ्यास

न्यूयॉर्क शहरातील कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या सार्वजनिक महाविद्यालयांत, २००९-१० साली पूर्णवेळ शिकणाऱ्या स्थानिक विद्यार्थ्याचे वार्षिक शिक्षण शुल्क सुमारे ३,१५० डॉलर होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या पेल अनुदानाची कमाल रक्कम ५,३५० डॉलर होती, आणि हे अनुदान कर्जासारखे फेडावे लागत नाही. शिवाय न्यूयॉर्क राज्याची ‘टॅप’ ही शुल्कसाहाय्य योजना १९७४ पासून चालू होतीच. म्हणजे ज्याच्या घरची परिस्थिती खरोखर बेताची आहे, त्याची फी कागदावर तरी पूर्ण भागत होती आणि वर थोडे पैसेही उरत होते. असे असूनही, या प्रकरणात ज्यांचा विचार केला आहे त्या विद्यार्थ्यांपैकी जे २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘एसॅप’ या विद्यार्थिसाहाय्य योजनेबाहेर, नेहमीच्या व्यवस्थेत शिकत राहिले, त्यांच्यातील शंभरातल्या जेमतेम बाविसांनाच दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत पूर्ण करता आली.

फीची सोय झालेली असताना शिक्षण नेमके कुठे अडते, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. आर्थिक मदत प्रवेशाच्या दिवशी एकदाच हिशेबात जमा होते, शिक्षण मात्र रोजच्या रोज करावे लागते. मदतीची रचना त्या रोजच्या दिवसाशी जोडली गेली, तरच ती पदवीपर्यंत पोहोचते. हे मत मांडायला सोपे आहे, पण त्याच्या बाजूने इतका भक्कम पुरावा क्वचितच मिळतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर पाहण्याजोगे आहे.

विद्यापीठ आणि त्याचे विद्यार्थी

सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क, म्हणजे ‘क्यूनी’, या विद्यापीठाचे मूळ १८४७ साली टाउनसेंड हॅरिस यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘फ्री अकॅडमी’त आहे. गरिबांच्या मुलांना विनामूल्य उच्च शिक्षण मिळावे, हा तिचा हेतू नावातच होता. पुढे शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले, तेव्हा १९७६ साली सर्वांसाठी शुल्क लागू झाले आणि त्यानंतर गरीब विद्यार्थ्याचा भार पेल आणि टॅप या दोन खांबांवर आला. पेल अनुदानाचा पाया १९७२ च्या कायदादुरुस्तीत घातला गेला; सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचे नाव त्याला १९८० मध्ये मिळाले.

कम्युनिटी कॉलेज हा या व्यवस्थेचा सर्वांत खुला दरवाजा आहे. शालान्त शिक्षण झालेल्या कोणालाही तिथे प्रवेश मिळतो आणि ६० क्रेडिट, म्हणजे अभ्यास मोजण्याची एकके, पूर्ण केले की ‘असोसिएट’ पदवी मिळते. ही पदवी घेऊन नोकरी धरता येते किंवा चार वर्षांच्या महाविद्यालयात पुढे जाता येते. मात्र प्रवेशानंतरच्या चाचणीत गणित, वाचन किंवा लेखन यांपैकी एखाद्या विषयात कमी पडलेल्या विद्यार्थ्याला आधी पूरक वर्ग करावा लागे. या वर्गाचे शुल्क लागे, त्याला सत्रातला वेळ द्यावा लागे, पण पदवीच्या साठात त्याचे एकही क्रेडिट धरले जात नसे. ज्याला असे दोन वर्ग करायचे असत, त्याचे पहिले सत्र संपे तेव्हा तो अनुदान खर्चून बसलेला असे आणि पदवीच्या दिशेने मात्र फारसा सरकलेला नसे. नापास होण्याची धास्ती किंवा वेळेची अडचण यांमुळे पुष्कळ जण हे वर्ग पुढे ढकलत, आणि ते झाल्याशिवाय पुढचे विषय घेता येत नसत.

त्यातच पेल अनुदान विषयांच्या संख्येनुसार मिळते. नोकरीचे तास वाढले म्हणून विद्यार्थ्याने एक-दोन विषय सोडले की अनुदान कमी होते, ते कमी झाले की नोकरीचे तास आणखी वाढवावे लागतात, आणि या चक्रातून बाहेर पडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ‘एक सत्र थांबतो’ असे म्हणणे. थांबलेल्यांपैकी बरेच जण परत येत नाहीत. महाविद्यालयाच्या दफ्तरात याची नोंद ‘नूतनीकरण केले नाही’ एवढीच होते. त्यामागे भाडे थकले होते की गणिताचा वर्ग नको वाटला, हे विचारणारे कोणी नसते, कारण क्यूनीच्या या महाविद्यालयांत एकेका सल्लागाराकडे सहाशेपासून दीड हजारापर्यंत विद्यार्थी असत.

योजना कशी बांधली

२००७ मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या कारकिर्दीत, दारिद्र्यनिवारणासाठी स्थापन झालेल्या ‘सेंटर फॉर इकॉनॉमिक ऑपॉर्च्युनिटी’च्या निधीतून क्यूनीच्या तेव्हाच्या सहा कम्युनिटी कॉलेजांत ‘ॲक्सिलरेटेड स्टडी इन असोसिएट प्रोग्रॅम्स’ म्हणजेच ‘एसॅप’ ही योजना सुरू झाली. तीन वर्षांत निदान निम्म्या विद्यार्थ्यांनी पदवी घ्यावी, असे उद्दिष्ट उघडपणे जाहीर करण्यात आले. अशा संस्थांच्या संदर्भात हे धाडसच होते.

योजनेने विद्यार्थ्याला जे दिले आणि त्याच्याकडून जे मागितले, ते वेगळे काढून पाहण्यात अर्थ नाही. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे, म्हणजे सत्राला किमान १२ क्रेडिटचे विषय घ्यायचे. पूरक वर्ग पुढे न ढकलता आधी उरकायचे. ठरल्या वेळी सल्लागाराला भेटायचे. आणि गरज असेल तिथे शिकवणीला बसायचे. या बदल्यात अनुदान आणि शुल्क यांत तफावत राहिली तर ती माफ होई, पाठ्यपुस्तके वापरायला मिळत, शहराच्या बस-भुयारी रेल्वेचा मासिक पास म्हणजे मेट्रोकार्ड मिळे, आणि विषयांच्या वेळा शक्यतो लागोपाठच्या ठेवल्या जात, म्हणजे उरलेला दिवस कामासाठी मोकळा राहील. सल्लागाराकडे सुरुवातीला साठ ते ऐंशीच विद्यार्थी असत. ही सर्व मदत तीन वर्षांपर्यंत चाले.

यातील मेट्रोकार्डाचा भाग थोडा जवळून पाहू, कारण माझ्या मते योजनेचे मर्म तिथेच आहे. २००९ च्या जूनपासून शहरात एका फेरीचे भाडे सव्वादोन डॉलर होते आणि तीस दिवसांच्या अमर्याद प्रवासाचा पास ८९ डॉलरला मिळे. किंग्जबरो हे कॉलेज ब्रुकलिनच्या अगदी टोकाला समुद्रालगत आहे. भुयारी रेल्वेतून उतरून पुढे बस धरल्याशिवाय तिथे पोहोचणे कठीण. आठवड्यातून पाच दिवस येणाऱ्याने रोजचे सुटे भाडे भरले, तर महिन्याचा खर्च शंभर डॉलरच्या आसपास जाई, आणि पास काढायचा तर ८९ डॉलर एकरकमी हाताशी हवेत. तासाला सव्वासात डॉलर हे तेव्हाचे किमान वेतन धरले, तर केवळ वर्गात पोहोचण्यासाठी महिन्याकाठी बारा तासांहून अधिक काम करावे लागे. चार महिन्यांच्या सत्रात हा खर्च ३५६ डॉलर होतो, म्हणजे १,५७५ डॉलरच्या सत्र शुल्काच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. शुल्काची चर्चा सगळीकडे होते. हा खर्च मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हता. अनुदानातून फी वजा जाता उरलेली रक्कम विद्यार्थ्याला मिळे, हे खरे. पण ती बहुधा सत्र सुरू होऊन काही आठवडे उलटल्यावर हाती येई, आणि भाडे मात्र पहिल्या सोमवारीच द्यावे लागे.

शिवाय हा पास घरपोच येत नसे. योजनेतील सहभाग चालू असेल, तरच महिन्याचे कार्ड मिळे. कार्ड घ्यायला विद्यार्थी येई, तेव्हा गणिताचा वर्ग कसा चालला आहे, कोणती परीक्षा हुकली, पुढच्या सत्रात कोणते विषय घ्यायचे, हे बोलणे होई. एरवी जो विद्यार्थी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसेनासा झाला असता आणि ज्याचा पत्ता सत्राच्या शेवटी लागला असता, त्याची अनुपस्थिती त्याच महिन्यात लक्षात येई. ८९ डॉलरचे कार्ड अशा रीतीने प्रवासखर्चाची सोयही झाले आणि भेटीचे निमित्तही.

शंका आणि सोडत

पहिल्या तुकडीतील निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी तीन वर्षांत पदवी घेतली आणि उद्दिष्ट पार पडले. पण त्या तुकडीत प्रामुख्याने पूरक वर्गांची गरज नसलेले विद्यार्थी होते, शिवाय जो स्वतःहून अशा योजनेत नाव घालतो तो मुळात अधिक नेटाचा असणार, अशी शंका घेतली गेली. ही शंका रास्त होती. शिक्षणातील कित्येक ‘यशस्वी’ उपक्रमांचे यश निवडीतच दडलेले असते.

म्हणून एमडीआरसी या स्वतंत्र संशोधन संस्थेने रीतसर प्रयोग केला. बरो ऑफ मॅनहॅटन, किंग्जबरो आणि लाग्वार्डिया या तीन कॉलेजांत २०१० च्या वसंत आणि शरद सत्रांत ८९६ इच्छुक विद्यार्थी निवडले गेले. सर्व अल्प उत्पन्न गटातील होते, सर्वांची पूर्णवेळ शिकण्याची तयारी होती, आणि सर्वांना एक किंवा दोन पूरक वर्ग करणे भाग होते, म्हणजे पहिल्या तुकडीहून हा गट अवघड होता. मग सोडत काढली. ४५१ जणांना एसॅप मिळाली. ४४५ जण नेहमीच्या व्यवस्थेत राहिले. दोन्ही गटांची इच्छा सारखीच होती, आणि बहुतेकांना पेल अनुदान मिळतच होते. फरक केवळ सोडतीच्या चिठ्ठीचा होता.

तीन वर्षांनी एसॅप गटातील ४० टक्के विद्यार्थ्यांकडे पदवी होती, तर दुसऱ्या गटातील २२ टक्क्यांकडे. सरासरी मिळवलेले क्रेडिट अनुक्रमे सुमारे ४८ आणि ३९ होते. चार वर्षांच्या महाविद्यालयात पोहोचलेल्यांचे प्रमाणही २५ विरुद्ध १७ टक्के असे होते. घाईने पदवी उरकून पुढच्या शिक्षणाचे नुकसान झाले, असे म्हणायला त्यामुळे जागा उरली नाही. महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण होण्याबाबतच्या काटेकोर प्रयोगांत एवढा मोठा परिणाम तोवर दिसला नव्हता. अशा प्रयोगांत दोन-चार टक्क्यांचा फरकही समाधानाचा मानला जातो.

मग परिणाम कशाचा?

एसॅपमध्ये शुल्काची तफावत माफ होत होती, हे ऐकल्यावर ‘पैसे दिले, म्हणून जमले’ असा निष्कर्ष पटकन काढला जातो. परंतु बहुतेकांची फी पेल आणि टॅपमधून आधीच भागत असल्यामुळे शुल्कमाफीचा प्रत्यक्ष लाभ कोणत्याही सत्रात थोड्याच विद्यार्थ्यांना मिळाला. दोन गटांमध्ये ठळकपणे वेगळे होते ते पुस्तके, प्रवास आणि माणसाचा सहवास. पहिल्या वर्षात एसॅपचा विद्यार्थी सल्लागाराला सरासरी ३८ वेळा भेटला. दुसऱ्या गटातील विद्यार्थी सहा वेळा. पूर्णवेळ शिकणाऱ्यांचे प्रमाण वाढले, आणि उन्हाळी व हिवाळी सत्रांतही अधिक जण बसले.

इथे एक मर्यादा स्पष्ट करायला हवी. प्रयोगाने संपूर्ण योजना एकत्र तपासली, तिचे घटक सुटे करून तपासले नाहीत. त्यामुळे सल्लागाराने अमुक टक्के आणि मेट्रोकार्डाने तमुक टक्के काम केले, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. माझे वरचे मत हा आकड्यांवरून बांधलेला तर्क आहे. तरीही भेटींच्या संख्येतील सहापट अंतर आणि शुल्कमाफीचा मर्यादित वापर या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की केवळ शुल्काचे स्पष्टीकरण टिकत नाही.

मात्र यावरून ‘पैशाने काही होत नाही’ असा उलटा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल, आणि तसा निष्कर्ष काढायला उत्सुक असलेले लोक पुष्कळ असतात. विस्कॉन्सिन राज्यात जॉन आणि टाशिया मॉरग्रिज या दांपत्याच्या देणगीतून पेलपात्र विद्यार्थ्यांना वर्षाला ३,५०० डॉलर देणारी खासगी शिष्यवृत्ती सोडतीने दिली गेली. तिच्यासोबत सल्लागार, पुस्तके असे काही नव्हते, निव्वळ पैसा होता. तरीही चार वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेले. ही वाढ खरी आहे आणि तिचे मोल कमी नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र विद्यार्थी अधिक मागे होते, संस्था अधिक गर्दीच्या होत्या, आणि पैशाला वेळापत्रकाची व माणसाची जोड मिळाली, तेव्हा वाढ अठरा टक्क्यांची झाली.

खर्चाचा हिशेब

योजना स्वस्त नाही. नेहमीच्या खर्चाच्या वर तीन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्यामागे सुमारे १६,३०० डॉलर अधिक लागले, म्हणजे साठ टक्क्यांहून जास्त वाढ. हा आकडा अंदाजपत्रक करणाऱ्यासमोर ठेवला, की बहुतेक प्रस्ताव तिथेच थांबतात. पण खर्च कशाने भागायचा, हा प्रश्न निर्णायक आहे. तो विद्यार्थिसंख्येने भागला तर एसॅप महाग ठरते. तो मिळालेल्या पदव्यांनी भागला, तर प्रत्येक पदवीमागचा खर्च नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा ११ टक्क्यांनी कमी निघतो, कारण खर्च दीडपटीहून थोडा अधिक झाला तेवढ्यात पदव्या जवळजवळ दुप्पट झाल्या. अर्ध्यावर सुटलेल्या शिक्षणावरही सार्वजनिक पैसा खर्च झालेलाच असतो. त्याची वेगळी नोंद कोणी ठेवत नाही, इतकेच.

न्यूयॉर्कच्या बाहेर हे जमेल का, याचेही उत्तर मिळाले. ओहायो राज्यातील सिनसिनाटी स्टेट, कायाहोगा आणि लोरेन काउंटी या तीन कम्युनिटी कॉलेजांनी क्यूनीच्या मदतीने तीच रचना उभी केली. तिथे न्यूयॉर्कसारखे भुयारी रेल्वेचे जाळे नाही, विद्यार्थी बहुधा मोटारीने येतात आणि नोकरी करणारे अधिक आहेत. म्हणून पासाच्या जागी पेट्रोल किंवा किराणा यांसाठी महिन्याला ५० डॉलरचे कार्ड दिले गेले. भेटीची अट तीच राहिली. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांच्या सोडतीत तीन वर्षांनी ३५ टक्के विरुद्ध १९ टक्के असा निकाल लागला, तोही न्यूयॉर्कपेक्षा बऱ्याच कमी खर्चात. सहाव्या वर्षी एसॅपसारख्या योजनेतून गेलेल्यांची वार्षिक कमाईही सुमारे ११ टक्क्यांनी अधिक होती. शहर बदलले, वाहन बदलले, तरी रोजच्या येण्याजाण्याला हातभार आणि त्यानिमित्ताने भेट ही जोडी टिकली.

जे सुटत नाही

दरम्यान न्यूयॉर्कने योजनेचा मोठा विस्तार ठरवला. २०१५ मध्ये महापौर बिल डी ब्लासियो यांच्या काळात ती पंचवीस हजार विद्यार्थ्यांपर्यंत नेण्याची घोषणा झाली, आणि त्याच वर्षी क्यूनीच्याच जॉन जे कॉलेजात चार वर्षांच्या पदवीसाठी तिचे भावंड म्हणावे असा ‘एस’ हा उपक्रम सुरू झाला. विस्ताराबरोबर एका सल्लागाराकडील विद्यार्थ्यांची संख्या दीडशेच्या घरात गेली. सहाशे किंवा दीड हजारांपेक्षा ती कितीतरी बरी आहे, परंतु मूळ साठ-ऐंशीच्या दुप्पट आहे. काटकसरीचा पुढचा प्रत्येक प्रस्ताव याच आकड्यावर येणार, कारण पगार हा योजनेचा सर्वांत मोठा खर्च आहे आणि सल्लागाराकडे दहा विद्यार्थी वाढवले तर त्या दिवशी कोणाचेच काही बिघडताना दिसत नाही. बिघडते ते तीन महिन्यांनी, कार्ड घ्यायला न आलेल्या विद्यार्थ्याला फोन करायला कोणाला सवड मिळत नाही तेव्हा.

सोडत काढलेल्या त्या ८९६ विद्यार्थ्यांचा मागोवा सहा वर्षांपर्यंत घेतला गेला. तोवर एसॅप गटातील ५१ टक्के आणि दुसऱ्या गटातील ४१ टक्के विद्यार्थ्यांना पदवी मिळाली होती. अठरा टक्क्यांचे अंतर दहावर आले, कारण ज्यांना मदत मिळाली नव्हती त्यांच्यातील अनेक जण उशिरा का होईना, पोहोचले. काही टीकाकारांनी यावरून योजनेचा परिणाम ओसरला असे म्हटले. मला तसे वाटत नाही. जे चौथ्या, पाचव्या, सहाव्या वर्षी पोहोचले, त्यांनी ती वर्षे नोकरी आणि वर्ग यांत ओढाताण करत काढली. एसॅपच्या विद्यार्थ्याला तीच वर्षे पुढच्या शिक्षणाला किंवा पदवीच्या पगाराला लावता आली. दुसरीकडे, एवढे सगळे पुरवूनही एसॅप गटातील जवळजवळ निम्म्या विद्यार्थ्यांची पदवी सहा वर्षांनंतरही बाकी होती. त्यांच्याकडे पुस्तके होती, पास होता, विचारणारा माणूस होता. त्यांचे घरभाडे, लहान भावंडांची जबाबदारी आणि आजारपण यांना मात्र ही योजना हात लावत नव्हती.